सरांचं स्पायरोपेंटेन

आमचे विभागप्रमुख रत्नागिरीला रुजू झाले तेव्हा मी त्या कॉलेजात तीन वर्षं रसायनशास्त्र शिकवत होते. पहिले चार महिने मी त्यांच्या बुद्धीवर पार लट्टू होते. ही कबुली आधीच देऊन टाकते, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे सांगणार आहे त्यात दयामाया नाही, आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की बाईंचं पहिल्यापासूनच त्यांच्याशी वाकडं होतं. नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, चार महिने वाचले असते.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. कॉलेज नवं, गावाबाहेरच्या उघड्या कातळावर बांधलेलं. खिडक्यांमधून समुद्राचा वारा असा घुसायचा की बर्नरच्या ज्योती आडव्या व्हायच्या. आधीचे विभागप्रमुख निवृत्तीला टेकलेले, पिवळ्या पडलेल्या वहीतून मजकूर सांगणारे आणि 'पुढे लिहा' म्हणत म्हणत डुलकी घेणारे. त्यांच्यानंतर हे सर आले. मुंबईला पीएच.डी. केलेली, सफारी सूट, खिशाला तीन पेनं. हातात कागद न घेता फळ्यावर एकामागून एक रचनासूत्रं काढायचे. मी मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐकायची. मला वाटलं, आता या कातळावर काहीतरी उगवणार.

सरांना रत्नागिरी आवडत नव्हती आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती. स्टाफरूममध्ये ते म्हणायचे, "इथे नारळ मोठे होतात, डोकी नाही." त्यावर रत्नागिरीत जन्मलेले, रत्नागिरीत वाढलेले आमचे सगळे प्राध्यापक खो खो हसायचे. मुंबईच्या माणसाने आपल्याला मूर्ख म्हटलं की आपण हुशारांच्या बाजूला गेलो, असं त्यांना वाटत असावं. मीही हसायची.

आल्या वर्षीच त्यांनी जाहीर केलं की आपल्या विभागात संशोधन होणार. विषय, लहान वलयांची हायड्रोकार्बनं. मला बोलावून त्यांनी ते समजावलं आणि समजावलं छान, ते कौशल्य मी नाकारत नाही. कार्बनच्या अणूला चार हात असतात आणि ते ऐसपैस पसरून बसायला त्याला आवडतं. तीन कार्बनांना धरून त्रिकोण करायला लावला की ते हात आखडतात, अवघडतात. असा त्रिकोण सतत ताणात असतो. स्पायरोपेंटेन म्हणजे असे दोन त्रिकोण, एकाच कार्बनच्या टोकाला जोडलेले, एक आडवा तर दुसरा उभा. पाच कार्बन, आठ हायड्रोजन, बाकी काही नाही. एवढ्याशा रेणूत एवढा ताण, मग तो कसा फुटतो, कशाने फुटतो, हे बघायचं.

"आणि बाई, हे आपण इथे करायचं," सर म्हणाले. "मुंबईची लोकं तोंडात बोटं घालतील."

'आपण' याचा अर्थ मी, हे मला पुढच्याच आठवड्यात कळलं.

कृती कागदावर सोपी होती. सरांनी मुंबईहून पांढऱ्या स्फटिकांची एक बरणी आणली होती. त्या पदार्थात मध्ये एक कार्बन, त्याला चार फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला एक ब्रोमीन. अल्कोहोलमध्ये जस्ताची पूड घालून तो तापवायचा. जस्त ब्रोमीन ओढून घेतं, मोकळ्या झालेल्या फांद्या दोन-दोन करून एकमेकींना जुळतात, झाले दोन त्रिकोण. अडचण एकच होती. हे स्पायरोपेंटेन एकोणचाळीस अंशांवर उकळतं. रत्नागिरीतल्या एप्रिलच्या दुपारी आमच्या प्रयोगशाळेत पारा पस्तिशीच्या वर असायचा. म्हणजे तयार झालेला पदार्थ बाटलीत धरून ठेवणं हेच मुख्य काम. मुंबईच्या प्रयोगशाळांत त्यासाठी कोरडा बर्फ असतो. आमच्याकडे ओलासुद्धा नव्हता.

तो मामांनी आणला. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, कमी बोलणारा माणूस. घरचे सगळे मासेमारीत, हे एकटे नोकरीत. ते म्हणाले, "मिरकरवाड्याच्या फॅक्टरीत बर्फ मिळंल. किती आनू?" आणि दुसऱ्या दिवशी सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेली लादी घेऊन आले. ट्रॉलरवर मासळीत घालतात तोच बर्फ. त्यात जाडं मीठ मिसळलं की शून्याच्या खाली पंधरा अंशांपर्यंत उतरायचा. गोणपाटाला बांगड्याचा वास असायचा, तो सगळ्या विभागात पसरायचा. सर नाकाला अत्तर लावलेला रुमाल धरून दाराशीच उभे राहायचे.

"तुमचं ते मासळी मार्केट आटोपलं की बोलवा मला," असं म्हणून ते केबिनमध्ये जायचे.

सकाळचे तास संपले की मी आणि मामा कामाला लागायचो. चंबू तापवायचा, कंडेन्सरमधून बर्फाचं पाणी हाताने फिरवत राहायचं, पलीकडे बर्फमिठात बुडवलेल्या नळीत थेंब पडतात का बघायचं. पहिले तीन प्रयत्न फुकट गेले. चौथ्या वेळी नळीच्या तळाशी चहाच्या चमच्यात मावेल एवढा पाण्यासारखा स्वच्छ द्रव जमला. मामांनी नळीत वाकून पाहिलं.

"ह्येच्यासाठी एवढा बर्फ?" ते म्हणाले.

सर आले. त्यांनी त्यात ब्रोमीनचे थेंब टाकले. लालभडक थेंब पडला की क्षणात नाहीसा. दुसरा टाकला, नाहीसा. सरांचा चेहरा उजळला.

"बघितलंत? बर्फात ठेवलंय तरी नुसत्या स्पर्शाने वलय फुटतंय! केवढा ताण असेल! बाई, हा पेपर आहे."

त्यांनी मला पेढा दिला. मामांना दिला नाही.

पेपर लिहायला त्यांना आठ दिवस लागले. त्यांचं म्हणणं असं की स्पायरोपेंटेनची वलयं ब्रोमीनसमोर डोळ्याचं पातं लवण्याच्या आत फुटतात, आजवर कुणी समजत होतं त्याच्या कितीतरी पट वेगाने. त्यांचं नाव पहिलं, माझं दुसरं. मी तो मसुदा घरी आईला वाचून दाखवला. तिला एक अक्षर कळलं नाही, पण माझं नाव कुठे आहे ते तिने बोट ठेवून विचारलं.

नंतरच्या आठवड्यात मी द्वितीय वर्षाच्या वर्गाला एक साधी चाचणी शिकवत होते. पोटॅशियम परमँगनेटचं पातळ द्रावण जांभळं असतं. ज्या पदार्थात दुहेरी बंध आहे त्यात ते टाकलं की जांभळा रंग जातो आणि तपकिरी गाळ येतो. लहान वलयाचा त्रिकोण मात्र परमँगनेटला दाद देत नाही, त्याच्यात रंग तसाच राहतो. दोघांत फरक करायची ही सगळ्यात स्वस्त युक्ती. मी हे फळ्यावर लिहिलं, विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलं, आणि तास संपल्यावर मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. आपण हे आपल्या पदार्थावर केलंच नाही की.

प्राणिशास्त्र विभागाच्या फ्रिजमध्ये, बेडकांच्या बरण्यांशेजारी, आमची नळी ठेवलेली होती. मी दोन थेंब काढले, वर जांभळं द्रावण टाकलं आणि हलवलं. मामा शेजारी परीक्षानळ्या पुसत होते.

"बाई, रंग ऱ्हायला नाय," ते म्हणाले.

राहिला नव्हता. तळाशी तपकिरी गाळ बसला होता. म्हणजे आमच्या नळीत दुहेरी बंध होता. ब्रोमीन क्षणात नाहीसा होत होता तो दोन त्रिकोण फुटत होते म्हणून नव्हे. कुठल्याही साध्या दुहेरी बंधावर होतो तसा होत होता. सरांचा शोध म्हणजे बारावीच्या पुस्तकातला प्रयोग होता.

मी ते सरांना सांगितलं तेव्हा ते केबिनमध्ये वर्तमानपत्र वाचत होते.

"अल्कोहोल राहिलं असेल," ते वर न बघता म्हणाले. "अल्कोहोलनेही रंग जातो."

"थंड पाण्याने धुवून बघते, सर."

"इथल्या नळाच्या पाण्याने? त्यात गंजच जास्त."

मी ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवून पाहिलं. रंग गेलाच. पुन्हा केबिनमध्ये गेले. या वेळी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा काढला आणि लहान मुलीला समजवावं तशा आवाजात म्हणाले, "बाई, पाच कार्बन, आठ हायड्रोजन पाहिजे होते, मिळाले. उत्कलनबिंदू जवळपास तोच. ब्रोमीन घेतो. अजून काय पाहिजे? तुम्ही बी.एस्सी.च्या चाचण्या बी.एस्सी.ला ठेवा."

त्या क्षणी माझे चार महिने संपले. चूक कोणाचीही होते, माझी रोज होते. पण या माणसाला चूक माहीत होती. त्याच्या डोळ्यांत ती मला स्वच्छ दिसली. त्याला ती बघायची नव्हती एवढंच.

मे महिन्यात मी विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला मुंबईला गेले. तपासणी दुपारी संपली की ग्रंथालयात जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मला हवं ते सापडलं, आणि वाचून मला आधी हसू आलं, मग चीड. आमच्या नळीतल्या भानगडीवर गेल्या शतकापासून लोक भांडत आले होते. जस्ताने ब्रोमीन ओढून घेतल्यावर चंबूत जे झिंक ब्रोमाइड तयार होतं तेच घात करतं. ते फांद्या जुळण्याच्या आतच रेणूचा सांगाडा फिरवतं, आणि दोन त्रिकोणांऐवजी एक चौकोन आणि त्याला बाहेरून चिकटलेला दुहेरी बंध असा भलताच पदार्थ हाती येतो. त्याचेही कार्बन पाच, हायड्रोजन आठ. उत्कलनबिंदू दोन-तीन अंशांनीच वर. ज्याला फसायचंय त्याच्यासाठी अगदी सोयीचा. उपायही छापलेला होता. झिंकला बांधून ठेवणारं काहीतरी चंबूत घाला. आणि ते 'काहीतरी' म्हणजे ईडीटीए, पाण्याचा जडपणा मोजायला प्रत्येक कॉलेजात असतो तोच क्षार. आमच्या कपाटात त्याच्या सहा बाटल्या होत्या. मुंबईच्या पीएच.डी.ने ही दोन पानं वाचलेली नव्हती, किंवा वाचून विसरायचं ठरवलं होतं. यातलं वाईट काय, ते मला आजही ठरवता येत नाही.

कॉलेज उघडलं. स्फटिकांची बरणी सरांच्या कपाटात कुलुपात होती, किल्ली मामांकडे असायची. एका शनिवारी सर दुपारच्या गाडीने मुंबईला गेले. मी मामांना म्हटलं, "मला त्या बरणीतलं थोडं हवंय. सरांना विचारलेलं नाही."

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "चोरी हाय का?"

"नाही. दुरुस्ती आहे."

"मग बर्फ आनतो," ते म्हणाले, आणि किल्ली टेबलावर ठेवून सायकलवर निघून गेले.

त्या दुपारी बाहेर पाऊस कोसळत होता आणि प्रयोगशाळेत गारवा होता, ते फायद्याचं ठरलं. या वेळी जस्ताबरोबर ईडीटीए आणि कॉस्टिक सोडा घातला. द्रव जमला, आधीपेक्षा जास्त. पहिल्या चाचणीत जांभळा रंग जरा फिका झाला, थोडी भेसळ अजून होती. मग सगळाच द्रव परमँगनेटच्या थंडगार द्रावणाबरोबर हलवत राहिले. भेसळीतला दुहेरी बंध त्यात खलास झाला. वरचा थर वेगळा काढला, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं आणि चाचणी घेतली. मामांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ धरली. एक मिनिट. पाच मिनिटं. पंधरा मिनिटं. नळी जांभळीच.

"ऱ्हायला," मामा म्हणाले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी काचेच्या चार लहान नळ्यांत तो द्रव भरला, ज्योतीवर काच वितळवून त्यांची तोंडं बंद केली. खरं स्पायरोपेंटेन, कातळावरचं. त्या दिवशी मला जे वाटलं त्यात सरांचा विचारसुद्धा नव्हता. आयुष्यात असा दिवस दोन-तीनदाच येतो, आणि तो मी एका मासळीचा वास येणाऱ्या खोलीत, एका शांत माणसाबरोबर घालवला.

सोमवारी मी सरांसमोर दोन परीक्षानळ्या ठेवल्या, एक तपकिरी, एक जांभळी. काय केलं ते सांगितलं. मध्येच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. कसं केलं यात त्यांना रस नव्हता.

"पेपर स्वीकारला गेलाय," ते म्हणाले. "परवाच पत्र आलं."

"मागे घ्या, सर."

"का? पदार्थ तर मिळाला की आता. तुम्हीच बनवलात."

"पण पेपरात लिहिलंय ते या पदार्थाबद्दल नाही. त्या पहिल्याबद्दल आहे."

"नाव तर एकच आहे ना?" सर म्हणाले.

हे वाक्य मी त्या माणसाच्या तोंडून स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणून लिहू शकते. पदार्थ कुठलाही असो, नाव तेच आहे ना. मी म्हटलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, काढतो. फार सहज म्हणाले. मग म्हणाले, "त्या नळ्या इकडे द्या. विभागाची मालमत्ता आहे ती." मी तीन दिल्या. चौथी प्राणिशास्त्राच्या फ्रिजमध्ये बेडकांच्या मागे होती, ती तिथेच राहू दिली.

दिवाळीनंतर आमच्याकडे पदव्युत्तर वर्ग सुरू करायचे की नाही ते ठरवायला विद्यापीठाची समिती आली. तीन जण. त्यांतले एक गृहस्थ रसायनशास्त्राचे, पिकलेल्या केसांचे, हळू बोलणारे. सरांनी प्रयोगशाळेत टेबलावर पांढरा कपडा अंथरायला लावला. बर्फ आणवला. प्राचार्य, समिती, आम्ही सगळे गोल उभे. सरांनी पाच मिनिटं भाषण केलं आणि नळीत द्रव ओतला. माझ्या तीन नळ्यांतला. त्यांना मनापासून वाटत होतं की खरा पदार्थ आहे म्हणजे प्रयोग अधिकच झकास होईल. त्यांचा शोध खोट्या पदार्थाचा होता, खऱ्याला तो लागू नव्हता, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

त्यांनी ब्रोमीनचा थेंब टाकला. तो लाल थेंब लाल राहिला.

सरांनी नळी हलवली. लाल. अजून एक थेंब टाकला, आणखी लाल. खोलीत वाऱ्याने खिडकी आपटत होती तेवढाच आवाज. पाहुण्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग सरांकडे, मग सभ्यपणे छताकडे. मी कपाटाला टेकून हाताची घडी घालून उभी होते. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मला मजा येत होती.

"हा बर्फ!" सर एकदम ओरडले. "किती वेळा सांगितलं या माणसाला! मासळीचा घाणेरडा बर्फ आणतो. सगळा प्रयोग नासवला!"

मामा बर्फाच्या घमेल्याशेजारी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. घमेलं उचललं आणि बाहेर घेऊन गेले.

प्राचार्यांनी पाहुण्यांना जेवायला चलण्याची विनंती केली. सुरमई तळलेली होती. ते पिकलेल्या केसांचे गृहस्थ जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बर्फाचा काही संबंध नाही, हो ना?"

"नाही."

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि सुरमई खायला गेले. समितीचा अहवाल अनुकूल आला. पहिल्याच वाक्यात विभागप्रमुखांच्या संशोधनवृत्तीचं कौतुक होतं.

चार दिवसांनी मामांना मेमो मिळाला. प्रयोगासाठी अशुद्ध बर्फ आणून महाविद्यालयाची प्रतिष्ठा कमी केल्याबद्दल खुलासा करावा. तो कागद घेऊन ते माझ्याकडे आले.

"ह्येचा उत्तर लिवून द्याल काय?"

मी पेन काढलं. बरंच काही लिहायचं माझ्या डोक्यात होतं, सरांची अब्रू चव्हाट्यावर आणणारं. मामा म्हणाले, "एवढा नको. एकच लिवा. बर्फ थंड होता."

मी लिहिलं, त्यांनी सही केली. मग कागदाची घडी घालत ते म्हणाले, "त्या दिशी तुमी बोलला असता तर हा झाला नसता, बाई."

"माझ्या लक्षात आलं नाही की ते तुमच्यावर ढकलतील."

"तुमी हसत होता," मामा म्हणाले. "मी बघितला."

सरांच्या शब्दांनी मला कधी काही लागलं नाही, कारण त्यांची किंमत मी केव्हाच शून्य केली होती. हे मात्र लागलं. मी सरांना इतकं तुच्छ लेखत होते की त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणंही मला माझ्या पायरीखालचं वाटायला लागलं होतं. आणि माझ्या या मोठेपणाचा दंड भरला कोणी, तर सायकलवरून बर्फ आणणाऱ्याने.

त्याच दुपारी मी प्राचार्यांकडे गेले. दोन्ही पदार्थांची माहिती लिहून दिली, तोंडी समजावली. प्राचार्य इतिहासाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्या विषयातलं मला काय कळणार? पण वर्ग मंजूर झालेत ना? मग कशाला उकरता?"

"मामांचा मेमो मागे घ्या. नाहीतर मी हेच विद्यापीठाला लिहीन."

हे त्यांना कळलं. मेमो मागे घेतला गेला. लेखी नव्हे, फाइलमधून कागद नाहीसा झाला. सत्याची भीती नसलेली माणसं टपालाला फार भितात.

मग मी फ्रिजमधली चौथी नळी काढली. मुंबईत एका प्रयोगशाळेत माझी वर्गमैत्रीण होती. आधीच्या खोट्या पदार्थाचा उरलेला नमुना आणि हा खरा, दोन्ही बर्फाच्या थर्मासमध्ये घालून मी स्वतः बोटीने तिच्याकडे नेले. तिने दोन्हींचे अवरक्त वर्णपट काढून दिले. पहिल्यात दुहेरी बंधाची खूण ठळक होती, दुसऱ्यात नव्हती. मी एक पानाचं टिपण लिहून त्याच नियतकालिकाला पाठवलं. त्यात सरांवर टीका केली नाही, फक्त काय केलं आणि काय मिळालं ते लिहिलं. शेवटच्या ओळीत मामांचे आभार मानले, पूर्ण नावानिशी.

ते टिपण छापून यायला वर्षाहून जास्त लागलं. तोवर सर घाटावरच्या एका कॉलेजात प्राचार्य म्हणून निघून गेले होते. निरोप समारंभात त्यांना समई दिली, आणि ज्यांना ते नारळ म्हणायचे त्यांनीच त्यांच्यावर तीन-तीन भाषणं केली. एकाने तर डोळे पुसले. अंक आला तेव्हा मी तो स्टाफरूमच्या टेबलावर आठवडाभर ठेवला. कोणी उघडला नाही. एका गृहस्थांनी त्यावर चहाचा कप ठेवला, त्याचा गोल डाग मुखपृष्ठावर आहे. मामांना मी त्यांचं नाव दाखवलं. इंग्रजी अक्षरं त्यांनी एक एक करून लावली, मग म्हणाले, "स्पेलिंग बरोबर हाय," आणि पुन्हा परीक्षानळ्या पुसायला लागले.

दशक संपत आलं तेव्हा मी घाटावर एका शहरात अध्यापकांच्या उजळणी वर्गाला गेले होते. एका सकाळी पाहुणे वक्ते म्हणून सर आले. केस काळे केलेले, पोट सुटलेलं, पेनं तीनच. विषय होता, संशोधनातला प्रामाणिकपणा. मी तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी मला बघितलं की नाही, माहीत नाही.

अर्ध्या भाषणानंतर ते म्हणाले, "मी रत्नागिरीला असताना स्पायरोपेंटेनवर काम करत होतो. पेपर स्वीकारला गेला होता. पण एके दिवशी सहज म्हणून परमँगनेटची चाचणी घेतली, आणि मित्रहो, जांभळा रंग गेला! दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. मी रात्ररात्र जागून शोध घेतला, झिंकचा दोष पकडला, आणि खरा पदार्थ तयार केला. स्वतःची चूक स्वतः पकडायला धैर्य लागतं." मग थोडं थांबून, "माझ्या हाताखाली एक बाई होत्या, त्यांचीही मदत झाली. भांडी वगैरे धुवायला."

टाळ्या पडल्या. पन्नास-साठ रसायनशास्त्राचे अध्यापक मनापासून टाळ्या वाजवत होते.

प्रश्न विचारा म्हटल्यावर मी उभी राहिले. "सर, झिंकला बांधून ठेवायला तुम्ही चंबूत काय घातलंत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता नक्की ओळखलं. त्या सोमवारी मी सांगत असताना त्यांनी हात वर करून मला थांबवलं होतं, आणि माझं छापलेलं एक पान त्यांनी कधी वाचलं नव्हतं. त्यांना ते माहीत नव्हतं.

"ते... तपशील सगळे पेपरमध्ये आहेत," ते म्हणाले.

"तो पेपर माझा आहे, सर. ईडीटीए घातलं होतं."

सभागृहात कुजबुज झाली. सूत्रसंचालक घाईघाईने माइकशी आले आणि चहा तयार आहे, असं त्यांनी जाहीर केलं. सगळे उठले. सरांभोवती नेहमीसारखा घोळका जमला. कोणी त्यांना आपल्या कॉलेजात भाषणाला बोलावत होतं, कोणी सही घेत होतं. माझ्याकडे एकच अध्यापक आले. मला वाटलं, झिंकबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही रत्नागिरीच्या का? हापूसची एखादी पेटी पाठवता येईल का हो?"

मी कप खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं की मोसम गेल्याच आठवड्यात संपला. नोव्हेंबर चालू होता. त्यांना ते खरंच वाटलं.